अपीलकर

त्याचं खरं आडनाव काहीही असू शकतं. जॉन्सन, विल्यम्स, रॉड्रिग्ज, काहीही. तुरुंगाच्या दप्तरात आडनावाला तशीही किंमत नाही, तिथे नंबर चालतो. पण आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं आणि हा माणूस गेली कित्येक वर्षं अपिलातच मुक्कामाला आहे, म्हणून आपण त्याला अपीलकर म्हणू. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा मोठासा तुरुंग घ्या, तिथे एक अपीलकर असतोच. सनद नाही, लॉ कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, शाळाही बहुधा अर्ध्यात सोडलेली. पण ‘कलम बावीसशे चोपन्न’ म्हणताना त्याचा आवाज आपोआप खाली येतो.

मला तिथली निकालपत्रं वाचायची खोड आहे. लोक झोप यावी म्हणून रहस्यकथा वाचतात, मी फेटाळलेले अर्ज वाचतो. त्यात हा गृहस्थ पानोपानी भेटतो. न्यायाधीश त्याचा उल्लेख ‘अर्जदार, स्वतः’ एवढाच करतात आणि मग त्याला नेमकं काय म्हणायचं आहे ते शोधत बसतात. ते त्यांना भागच आहे. अशा बिनवकिली माणसाचा कागद वकिलाच्या कागदाइतका कसून तपासू नका, जरा सैल हाताने वाचा, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच सांगून ठेवलं आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. अपीलकरला ती चढायची सोयच नाही, तो पोस्टाने जातो.

सुरुवात अगदी साधी असते. खटला चालला तेव्हा तो पंचविशीत होता आणि आत काय चाललंय यातलं त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. सरकारने दिलेला वकील त्याला कोर्टाबाहेरच्या बाकावर भेटला, नाव चुकीचं उच्चारलं आणि म्हणाला, ‘काळजी करू नकोस.’ मग तीस वर्षांची शिक्षा लागली. पहिल्या अपिलालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो, तो हक्कच आहे. ते अपील पडलं की वकिलाचं चार ओळींचं पत्र येतं. निकालाची प्रत सोबत जोडली आहे, यापुढे आपलं काम पाहता येणार नाही, शुभेच्छा. त्या ‘शुभेच्छा’तून अपीलकर जन्माला येतो.

कारण अपील पडलं तरी तिथे एक दार उरतं. शिक्षेनंतरची दाद. इथे ‘मी केलं नाही’ असं म्हणत जायचं नसतं. ‘तुम्ही मला ज्या रीतीने दोषी ठरवलंत ती रीत घटनेला धरून नव्हती’ असं म्हणायचं असतं. सरकारी पक्षाने पुरावा दडवला, ज्यूरी निवडताना लबाडी झाली, वकील कुचकामी होता. हे दार उघडं आहे, पण आत न्यायला वकील मिळेलच असं नाही. अशा दाव्यात सरकारने वकील पुरवलाच पाहिजे असं घटना म्हणत नाही, असं १९८७ साली ठरलं. मग काय, अपीलकर स्वतःच स्वतःचं वकीलपत्र घेतो. फी परवडणारी असते.

त्याचा सगळ्यात आवडता मुद्दा म्हणजे कुचकामी वकील. या मुद्द्यावर तो तासन्‌तास बोलू शकतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडे बोलण्यासारखं असतंही. टेक्सासमध्ये १९८४ साली एका फाशीच्या खटल्यात आरोपीचा वकील साक्षी चालू असताना पुनःपुन्हा झोपत होता. डुलकी नव्हे, झोप. हे पाहणारे साक्षीदार होते. प्रकरण वर गेलं तेव्हा २००० साली अपील कोर्टातल्या तिघांच्या पीठाने बहुमताने म्हटलं की वकील झोपला होता हे ठीक, पण तो नेमका महत्त्वाच्या वेळी झोपला होता की बिनमहत्त्वाच्या, हे कळायला मार्ग नाही. पुढच्या वर्षी पूर्ण पीठ बसलं आणि त्याने हा निकाल फिरवला, झोपलेला वकील म्हणजे वकील नसल्यात जमा. अपीलकरला हे प्रकरण तोंडपाठ आहे. त्याची अडचण एवढीच की त्याचा वकील जागा होता. ‘जागा होता आणि तरीही’ असं त्याच्या अर्जाच्या दुसऱ्या परिच्छेदात लिहिलेलं आहे.

आता जवळून पाहू. जाड प्लास्टिकच्या फ्रेमचा सरकारी चष्मा, कानामागे पेन्सिल. कोठडीत पलंगाखाली पुठ्ठ्याची खोकी. कैद्याने किती सामान ठेवायचं याला मर्यादा असते, म्हणून अपीलकरने दरवेळी काहीतरी कमी करत आणलेलं आहे. आधी जादा बूट गेले, मग रेडिओ, मग बायकोची पत्रं. (बायको त्याआधीच गेली होती.) खोकी मात्र एकाची चार झाली. टेबलावर टाइपरायटर, तोही आरपार दिसणारा. अमेरिकी तुरुंगांसाठी पारदर्शक प्लास्टिकचे टाइपरायटर खास बनतात, आत काही लपवता येऊ नये म्हणून. अक्षरांचं चाक कसं फिरतं, फीत कशी सरकते, सगळं दिसतं. नवा कैदी आला की तो आधी टाइपरायटर बघत उभा राहतो आणि मग अपीलकरचा अशील होतो.

त्याची भाषा हा वेगळाच प्रकार आहे. तो साधं बोलूच शकत नाही. रात्रीच्या जेवणात राजमा गार आला तर इतर शिव्या देतात. अपीलकर ताट बाजूला सारतो आणि म्हणतो, ‘दिनांक चार रोजी अर्जदारास देण्यात आलेला राजमा हा खाण्याजोग्या तापमानाचा नव्हता, सबब.’ ‘सबब’नंतर तो थांबतो, कारण पुढचं लेखी द्यायचं असतं. आपल्याकडे फणसाच्या फांदीवरून तीन पिढ्या दिवाणी कोर्टात चपला झिजवणारा कोकणातला काका असतो ना, त्याचाच हा सातासमुद्रापलीकडचा भाऊबंद. काकाला फणस नको असतो, हुकूमनामा हवा असतो.

या असल्या अर्जांवरून अपीलकर मंडळींची थट्टाही पुष्कळ होते. नव्वदच्या दशकात तिथल्या राज्यांच्या सरकारी वकिलांनी कैद्यांच्या फालतू दाव्यांच्या याद्या छापल्या. त्यात एक गाजला. कैद्याला शेंगदाण्याचं भरड लोणी हवं होतं, मऊ मिळालं, म्हणून तो कोर्टात गेला. सगळा देश हसला. मग जॉन न्यूमन नावाच्या एका फेडरल न्यायाधीशाने मूळ कागद काढून पाहिले. कैद्याने चुकीची बरणी परत केली होती, बदली बरणी यायच्या आत त्याची दुसऱ्या तुरुंगात रवानगी झाली आणि पैसे मात्र त्याच्या खात्यातून कापले गेले ते गेलेच. म्हणजे तक्रार चवीची नव्हती, अडीच डॉलरच्या बिलाची होती. अडीच डॉलर म्हणजे तुरुंगातल्या मजुरीने कित्येक तासांचं काम. अपीलकरकडे न्यूमनसाहेबांच्या लेखाची प्रत आहे. हसणाऱ्याला तो ती आधी वाचायला देतो आणि मगच बोलतो.

फी तो घेतो. रोख घेता येत नाही, म्हणून मालात. टपाल तिकिटं, कॅन्टीनमधली नूडल्सची पाकिटं, बांगड्याची प्लास्टिकबंद पाकिटं. तंबाखूवर बंदी आल्यापासून फेडरल तुरुंगांत बांगडा हे चलनच झालं आहे, खायला कमी आणि द्यायला-घ्यायला जास्त. नियमाने असा मोबदला घ्यायला बंदी आहे. मदत करायला मात्र बंदी नाही. टेनेसीतल्या एका कैद्याला दुसऱ्यांचे अर्ज लिहून दिल्याबद्दल शिक्षा झाली होती. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली न्यायालयाने म्हटलं की तुरुंगाने दुसरी काही सोय केलेली नसेल तर एका कैद्याने दुसऱ्याला अर्ज लिहून द्यायला आडकाठी करता येणार नाही. अपीलकर त्या निकालाचा उल्लेख करताना ‘आमचा निकाल’ म्हणतो.

त्याची सल्ला देण्याची पद्धत मात्र ऐकण्यासारखी आहे. परवाच दाखल झालेला विशीतला पोरगा डोळ्यांत पाणी आणून शेजारी बसतो. तिथे वयस्कर कैद्याला ‘पॉप्स’ म्हणतात.

‘पॉप्स, मी निर्दोष आहे.’

‘ते राहू दे. निकाल कायम कधी झाला?’

‘पण मी तिथे नव्हतोच!’

‘अरे, तारीख सांग तारीख. कुठे होतास ते मला काय करायचंय?’

पोराला हा माणूस निर्दयी वाटतो. पण अपीलकरचं म्हणणं कायद्याला धरून आहे. निर्दोषपणाचा नवा पुरावा सापडला, एवढ्यावर फेडरल कोर्टाचं दार उघडत नाही, खटल्यात घटनेचा भंग झाला असेल तर तो दाखवा, असं १९९३ च्या निकालात आहे. आणि तारखेचं म्हणाल तर सगळं तारखेतच आहे. १९९५ साली ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत बाँबने उडवली गेली. त्यानंतर एप्रिल १९९६ मध्ये क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली. नावात दहशतवादविरोध, नावातच मृत्युदंड, आणि पोटात मोटार चोरणाऱ्यापासून सगळ्यांसाठी एक वर्षाची मुदत. राज्याच्या कोर्टातून निकाल कायम झाला की फेडरल कोर्टात हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा कैदेविरुद्धचा, अर्ज एका वर्षात. तेच ते कलम बावीसशे चोपन्न. त्या वर्षात माणसाने इंग्रजी शिकायचं, कायदा शिकायचा, मूळ खटल्याचे कागद मिळवायचे आणि पाच डॉलर भरायचे. हो, हेबिअसच्या अर्जाची फी पाचच डॉलर आहे. अमेरिकेत एवढ्या स्वस्तात सँडविच मिळत नाही.

शिकायचं कुठे, तर तुरुंगाच्या ग्रंथालयात. कैद्यांना कायद्याची पुस्तकं किंवा जाणकाराची मदत, दोहोंपैकी काहीतरी पुरवा, असं १९७७ साली न्यायालयाने तुरुंगांना बजावलं. अपीलकरच्या पिढीचं ते विद्यापीठ. पण १९९६ साली याच न्यायालयाने त्याला पाचर मारली. ग्रंथालय अपुरं आहे अशी नुसती तक्रार चालणार नाही, त्यापायी तुमचा एखादा दमदार दावा बुडाला हे दाखवा. म्हणजे पुस्तक नसल्यामुळे कुठला मुद्दा सुचला नाही तो मुद्दा आता लिहून द्या. अपीलकरने या निकालावर समासात फक्त एक उद्गारचिन्ह काढलं आहे. एरवी तो समास कोरा ठेवतो, कोर्टाला समास लागतो.

आता त्याचं स्वतःचं प्रकरण. राज्याच्या कोर्टाने शिक्षेनंतरची दाद नाकारली. त्यावर अपील, नाकारलं. राज्याचं सर्वोच्च न्यायालय, नाकारलं. मग फेडरल जिल्हा न्यायालय, नाकारलं. आता यावर अपील करायचं तर आधी अपील करण्यालायक प्रकरण आहे असं प्रमाणपत्र लागतं, आणि ते प्रमाणपत्र मागायचं त्याच न्यायाधीशाकडे ज्याने आत्ताच अर्ज फेटाळला. न्यायाधीश म्हणतो, माझा निकाल इतका बरोबर आहे की त्यावर वाद संभवत नाही. मग वरच्या कोर्टाकडे अर्ज करायचा की खालच्याने प्रमाणपत्र नाकारलं, तुम्ही द्या. आपल्याकडे जमिनीची मोजणी मागायला सात-बारा लागतो आणि सात-बारा दुरुस्तीला मोजणी, ते ज्यांनी केलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. उरलेल्यांना सांगून उपयोग नाही.

नकाराचा कागद आला की बराकीत सगळ्यांना आधी कळतं, कारण अपीलकर जेवायला येत नाही. तो कागद उन्हात धरतो, उलटा करून पाहतो. एका ओळीचा हुकूम असतो. त्या एका ओळीत तो तीन आशास्थानं शोधतो. ‘फेटाळण्यात येत आहे’ म्हटलंय, ‘गुणदोषांवर फेटाळण्यात येत आहे’ म्हटलेलं नाही. सही एकाच न्यायाधीशाची आहे. तारीख शुक्रवारची आहे, शुक्रवारी माणूस घाईत असतो. दुसऱ्या दिवशी तो ताजातवाना असतो. अर्ज पडल्यामुळे त्याला आता एक नवं काम आणि नवी मुदत मिळालेली असते. कोठडीतल्या बाकी कुणाच्या कॅलेंडरवर पुढच्या महिन्यात काही लिहिलेलं नसतं.

पोस्टात टाकायचा दिवस हा त्याचा सणाचा दिवस. दाढी करतो. पाकीट हातात घेऊन टपाल गोळा करणाऱ्या शिपायाची वाट पाहत दाराशी उभा राहतो.

‘काय वकीलसाहेब, आज कुणाला खेचलंत कोर्टात?’

‘साहेब, आधी नोंद करा. तारीख घाला. वेळसुद्धा.’

‘उद्या जाईल की. आज गाडी गेली.’

‘गाडी जाऊ दे. मी आज दिलं, तुम्ही आज घेतलं. संपलं.’

आणि ते खरंच तिथे संपतं. टेनेसीच्याच दुसऱ्या एका कैद्याने हेबिअस नाकारल्यावर तीस दिवसांच्या मुदतीतलं अपील सत्ताविसाव्या दिवशी तुरुंगाच्या टपालात दिलं. कोर्टाचा शिक्का पडला एकतिसाव्या दिवशी. एका दिवसाने गेलं. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कैदी काही स्वतः चालत जाऊन कागद देऊ शकत नाही, म्हणून त्याने तुरुंगाच्या हाती दिलं तोच दाखल केल्याचा दिवस. आपल्याकडच्या जेल अपिलातही कैदी कागद तुरुंगाधिकाऱ्याकडेच देतो. पण कागद उलट दिशेने यायचा तर काय होतं हे होसकोट प्रकरणात दिसलं. मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ साली शिक्षा वाढवून तीन वर्षांची केली, निकालाची प्रत कैद्यासाठी तुरुंगाकडे गेली, आणि कैद्याच्या म्हणण्याप्रमाणे ती त्याच्या हाती पडलीच नाही. १९७८ साली तो सर्वोच्च न्यायालयात पोचला तेव्हा शिक्षा भोगून झाली होती. निकालाची प्रत कैद्याला वेळेत आणि फुकट मिळाली पाहिजे, असं न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या वेळी लिहिलं.

शिपायाच्या नोंदीवर अपीलकरचा एवढा जीव का, याचं दुसरं कारण ओहायोतलं आहे. तिथल्या बोल्स नावाच्या कैद्याची हेबिअसवरच्या अपिलाची मुदत हुकली. जिल्हा न्यायाधीशाने ती पुन्हा उघडून दिली. नियमाने चौदा दिवस देता येतात. न्यायाधीशाने का कोण जाणे सतरा दिवसांची तारीख लिहिली. बोल्सने न्यायाधीशाच्या तारखेवर भरवसा ठेवला आणि एक दिवस आधीच अपील टाकलं. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की न्यायाधीश चुकला हे खरं, पण चौदा म्हणजे चौदा. चौघांनी विरोधात कडक शब्दांत लिहिलं, पण पाच ते पाचच. तेव्हापासून अपीलकर न्यायाधीशांनी दिलेली तारीखसुद्धा बोटांवर मोजून बघतो. कायदा कुणी वाचला असेल नसेल, आपण वाचावा.

त्याचं आराध्यदैवत म्हणजे क्लॅरेन्स गिडियन. फ्लोरिडातल्या पनामा सिटीत १९६१ साली एका पूलरूममध्ये घरफोडी केल्याचा त्याच्यावर आरोप होता. वकील द्या म्हणाला, जज्ज म्हणाला, फाशीचा खटला असता तर दिला असता. पाच वर्षांची शिक्षा लागली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हेबिअसचा अर्ज फेटाळला. त्याविरुद्ध त्याने तुरुंगाच्या रेघी कागदावर पेन्सिलीने वॉशिंग्टनला अर्ज लिहिला. न्यायालयाने तो घेतला, बाजू मांडायला एब फोर्टास यांना नेमलं, जे पुढे स्वतः तिथले न्यायमूर्ती झाले, आणि मार्च १९६३ मध्ये एकमताने निकाल दिला की गंभीर गुन्ह्यात गरिबाला वकील मिळालाच पाहिजे. ऑगस्टमध्ये फेरखटला झाला. या खेपेला वकील होता. ज्यूरीने तासाभरात सोडलं. अपीलकर अजून पेन्सिल वापरतो ती यामुळेच. टाइपरायटरवर पक्की प्रत, पण पहिला खर्डा पेन्सिलीनेच.

गिडियन एकच झाला, हे त्याला सांगून पाहा. तो उत्तर देतो की नेब्रास्कातला एक बँक लुटारू तुरुंगाच्या ग्रंथालयात शिकला, दुसऱ्या कैद्यासाठी अर्ज लिहिला, तो सर्वोच्च न्यायालयाने घेतला आणि २००४ साली नऊ विरुद्ध शून्य असा जिंकला गेला. तो लुटारू पुढे कायद्याचा प्राध्यापक झाला. लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात तर कैद्यांनाच कैद्यांचे वकील म्हणून नेमतात. तिथला कॅल्व्हिन डंकन हा असाच आत शिकलेला माणूस. दहा-दोन मतांनी दोषी ठरवण्याची त्या राज्याची रीत घटनाबाह्य आहे, हा मुद्दा घेऊन तो वर्षानुवर्षं अर्जांमागून अर्ज पाठवायला लावत राहिला. २०२० साली न्यायालयाने ते मान्य केलं. ज्यूरीचं एकमतच हवं. सगळ्या अँगोलाने टाळ्या वाजवल्या असतील. २०२१ साली त्याच न्यायालयाने पुढचं सांगितलं, ज्यांची अपिलं आधीच संपून निकाल कायम झाले आहेत त्यांना फेडरल कोर्टात याचा फायदा मागता येणार नाही. म्हणजे मुद्दा ज्यांनी जिवंत ठेवला त्यांतल्या बऱ्याच जणांना सोडून बाकीच्यांना तो लागू.

इतकं सारं असून यशाचं प्रमाण काय? व्हँडरबिल्ट विद्यापीठातून २००७ साली निघालेल्या अभ्यासात राज्यांच्या कैद्यांचे फाशी वगळून बाकीचे हेबिअस अर्ज तपासले, तेव्हा दाद मिळालेले हजारी तीन-चार निघाले. अपीलकरला हा आकडा माहीत आहे. ‘तीन-चार!’ असं तो उत्साहाने सांगतो.

मुद्दे संपतात तेव्हा या जातीची कल्पकता खुलते. आयोवातल्या एका जन्मठेपवाल्याला २०१५ साली आजारपणात बेशुद्धावस्थेत इस्पितळात नेलं आणि तिथे पाच वेळा त्याचं हृदय पुन्हा चालू करावं लागलं. बरा होऊन आल्यावर त्याने शिक्षेनंतरची दाद मागितली. मला जन्मभराची शिक्षा होती, मी मेलो, जन्म संपला, शिक्षा संपली, आता मला सोडा. खालच्या कोर्टाने फेटाळलं, तो अपिलात गेला. २०१९ साली अपील कोर्टाने अत्यंत गंभीरपणे उत्तर दिलं की अर्जदार जिवंत असेल तर त्याने तुरुंगातच राहावं, आणि तो मेलेला असेल तर हे अपील निरर्थक आहे. अपीलकरला हा निकाल आवडत नाही. ‘थट्टा केली,’ म्हणतो. ‘दुसरा मुद्दा चांगला होता त्याचा. पुन्हा जिवंत करू नका अशी सही करून ठेवली होती त्याने. त्याच्यावर भर द्यायला हवा होता.’

आणि आता ज्या गोष्टीमुळे त्याची बहीण कपाळाला हात लावते, ती. पॅरोल मंडळासमोर तो यंदा गेला. वीस वर्षं झाली आहेत, वर्तणूक चांगली, आत पन्नास जणांना लिहायला-वाचायला शिकवलेलं. बहिणीने फोनवर बजावलं होतं, ‘हे बघ दादा, फक्त चुकलो म्हण. दोन शब्द. मग घरी ये.’ तिचं म्हणणं व्यवहाराचं आहे. पॅरोल मंडळाला पश्चात्ताप लागतो. पण ‘चुकलो’ म्हटलं की ते नोंदीत जातं, आणि फेरखटला मिळालाच तर सरकारी वकील तेच कागद पुढे करतो. पॅरोलला गुन्हा कबूल हवा आणि अपिलाला नाकबूल. अनेकांची या कात्रीत वर्षं गेली आहेत, यात विनोद काही नाही.

अपीलकरच्या बाबतीत मात्र आहे. कारण त्याला पेच पडलाच नाही. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी मायेने विचारलं, ‘तुम्हाला काही सांगायचंय का?’ आणि अपीलकर उभा राहून म्हणाला की सदर सुनावणीची नोटीस त्याला नियमात सांगितलेल्या दिवसांपेक्षा दोन दिवस उशिरा मिळाली, सबब ही सुनावणीच बेकायदेशीर आहे आणि मंडळाने त्याला सोडलं तरी तो निर्णय टिकणार नाही.

मंडळाने ते मान्य केलं असावं. सोडलं नाही.

बहीण दोन महिने बोलत नव्हती. तो इकडे मंडळाच्या निर्णयाविरुद्ध कामाला लागला. दोन खोकी उपसून नवे मुद्दे काढले, सात भरले. त्याला आठवाही हवा होता आणि तो कुठला असायला हवा हे बराकीतल्या विशीतल्या पोरालासुद्धा कळत होतं. सुनावणीत अर्जदाराचं काम पाहणाऱ्या माणसाने त्याचं वाटोळं केलं. तो मुद्दा अपीलकरला घेता येत नाही. फॅरेटा प्रकरणात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला स्वतःचा खटला स्वतः चालवायचा हक्क दिला, आणि तिथेच तळटीपेत लिहून ठेवलं की असं करणाऱ्याला पुढे आपला वकील कुचकामी होता अशी तक्रार करता येणार नाही.